सीमेवरील गावात गृहशिक्षणाचा आरंभ

सोलापूर–वाडी लोहमार्गावर अक्कलकोट रोड मागे टाकून गाणगापूरच्या दिशेने निघालेल्या प्रवाशास वाटेत दुधनीचे स्थानक लागते, आणि तेथून पुढे महाराष्ट्राची हद्द लवकरच संपून कलबुर्गी जिल्ह्याचा मुलूख सुरू होतो. तूर, उडीद आणि मुगाच्या आवकेवर चालणारी ही अक्कलकोट तालुक्यातील बाजारपेठ. येथे पुष्कळदा सौदा कानडीत ठरतो, त्याची पावती मराठीत फाडली जाते आणि शेजारच्या मोहल्ल्यातून दखनी बोली कानी येत असते. त्यामुळे येथील चार वर्षांचे मूल शाळेची पायरी चढण्यापूर्वीच दोन भाषांत भांडू शकते आणि तिसरीतले बोलणे समजू शकते. अशा गावातील एखाद्या दांपत्याच्या मनात आपल्या अपत्यास पहिली काही वर्षे घरीच शिकवावे असा विचार आला, तर त्याला पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू कुटुंबांच्या अनुभवातून थोडेफार मार्गदर्शन मिळेल, पण त्याचे खरे प्रश्न त्या अनुभवात सापडणार नाहीत. ते प्रश्न भाषेचे, दाखल्याचे आणि सोबत्यांचे आहेत, आणि प्रस्तुत लेखात त्यांचाच परामर्श घेण्याचे योजिले आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो: वयाच्या आठव्या वर्षापर्यंतचे शिक्षण दुधनीसारख्या गावी घरात उत्तम रीतीने होऊ शकते, मात्र ज्या घराने सार्वजनिक शाळेशी असलेला आपला संबंध तोडला, त्या घराचे ते शिक्षण बालकाच्या हिताचे राहत नाही.

घरी शिकविणे ही पाश्चात्यांकडून आलेली नवी टूम आहे, असा समज आपल्याकडे पुष्कळ आहे. परंतु एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास उघडून पाहिला, तर त्यातील कितीतरी थोर नावे घराच्या ओसरीवर घडलेली दिसतात. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकापवाद पत्करून आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले, आणि त्या लक्ष्मीबाईंनी १८५८ साली जन्मलेल्या आपल्या कन्येस तीर्थयात्रांच्या वाटेवर, मुक्कामाच्या धर्मशाळांतून पाठ दिले. तीच कन्या १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वत्सभेत ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्यांनी गौरविली गेली. १८७३ साली वयाच्या अकराव्या वर्षी महादेव गोविंद रानडे ह्यांच्या घरी आलेल्या रमाबाईंचे अध्ययन घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसून पतीपाशीच चालले, आणि गोपाळराव जोशी ह्यांनी घरी शिकविलेल्या आनंदीबाई १८८६ साली अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. ह्या साऱ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे, आणि तिचा विसर पडता कामा नये: त्या स्त्रियांकरिता शाळेचे दार बंद होते किंवा जेमतेम किलकिले होते, म्हणून घराची शाळा करावी लागली.

ज्यांच्या घरी अक्षरओळख असलेले कोणीच नव्हते, त्यांच्यापुढे हाही मार्ग नव्हता. त्यांच्यासाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीरावांनी निदान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली भागात आरंभिलेली सक्ती १९०६ साली सबंध बडोदे संस्थानास लागू केली. शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकावर दरमहा १ रुपया दंडाची तजवीज केली. सक्तीचा जन्म असा वंचितांच्या कैवारातून झालेला आहे. म्हणून आज जे सुशिक्षित घर त्या सक्तीतून आपल्या मुलापुरती मोकळीक मागते, त्याने हे ध्यानी ठेवले पाहिजे की गावातील शाळेचा पट घटला आणि तिची प्रतिष्ठा ओसरली, तर त्याचे नुकसान ज्यांना दुसरा आधार नाही अशा घरांतील मुलांनाच सोसावे लागते.

परदेशांतील स्थिती थोडक्यात सांगण्यासारखी आहे. इंग्लंडच्या १९४४ च्या शिक्षण कायद्याने पालकावर मुलाच्या शिक्षणाचे दायित्व टाकले, पण ते शाळेत किंवा अन्य मार्गाने पार पाडण्याची मुभा ठेवली. अमेरिकेत जॉन होल्ट ह्या शिक्षकाने शाळेत मुले का नापास होतात ह्याचे १९६४ साली मर्मभेदक विवेचन केले, १९७७ पासून शाळेविना वाढणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी नियतकालिक चालविले, आणि १९९३ पर्यंत तेथील सर्व राज्यांत गृहशिक्षणास कायद्याची मान्यता मिळाली. जर्मनीत मात्र आजही ते निषिद्ध आहे.

आपल्या देशाचा कायदा ह्या दोहोंच्या मध्ये उभा आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा ६ ते १४ वर्षांच्या बालकाचा मूलभूत हक्क ठरला, आणि त्यास अनुसरून झालेला २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम १० अन्वये आपल्या पाल्यास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे प्रत्येक पालकाचे कर्तव्य आहे, पण ते न पाळणाऱ्या पालकास कोणतीही शिक्षा त्यात सांगितलेली नाही; गृहशिक्षणाचा उल्लेख त्यात मान्यतेनेही नाही आणि मनाईनेही नाही. उलट मान्यतेविना शाळा चालविणाऱ्यास मात्र कलम १८ अन्वये १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि म्हणून चार-पाच घरांनी मिळून एखादी खोली भाड्याने घ्यावी, शिक्षिका नेमावी व त्यास गृहशिक्षण म्हणावे, हा बेत करण्यापूर्वी ह्या कलमाचे वाचन अवश्य करावे. सहा वर्षांच्या आतील बालकाविषयी कोणतीच सक्ती नाही. तेव्हा ज्याचे मूल तीन-चार वर्षांचे आहे, त्यास कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याच्या हाती विचार करण्यास आणि मुलाचे निरीक्षण करण्यास दोन-तीन वर्षांची मुदत आहे.

कायद्यापेक्षा दफ्तराचा प्रश्न अधिक बिकट आहे, आणि गृहशिक्षणाविषयी उत्साहाने लिहिणारे लेखक त्याचा नामोल्लेखही सहसा करीत नाहीत. महाराष्ट्रात शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंद आणि तिच्यावरून मिळणारा शाळा सोडल्याचा दाखला हा केवळ विद्येचा पुरावा नसतो. जन्मतारीख, जन्मस्थळ, धर्म आणि जात ह्यांची ती एक नोंद असते, आणि जातीचा दाखला व पुढे जातपडताळणी ह्या दोन्ही प्रसंगी वडिलांची, आजोबांची, चुलत्यांची शाळेतील जुनी नोंद शोधीत माणसे गावोगाव हिंडतात. दुधनीसारख्या सीमेवरील गावात हा शोध दुहेरी होतो, कारण सोयरिकी हद्दीपलीकडे झालेल्या असतात, एखाद्याच्या आजोबांचे शिक्षण आळंद किंवा अफझलपूरच्या बाजूस झालेले असते, आणि तो कागद कानडीत, दुसऱ्या राज्याच्या दफ्तरात असतो. मागासवर्गीय कुटुंबातील ज्या मुलाचे नाव कोणत्याच शाळेच्या रजिस्टरात चढले नाही, त्याच्या पुढील पिढीस ह्या साखळीतील एक कडी कायमची हरवलेली सापडेल. म्हणून नगर परिषदेतील जन्मनोंद वेळीच करून तिचा दाखला जपावा हे तर झालेच, परंतु सहाव्या वर्षानंतरही घरीच शिकवायचे असेल तर कोणत्या वयात मूल कोणत्या पटावर येणार, हे आधीच ठरवून ठेवणे हे पालकाचे पहिले कर्तव्य आहे.

परीक्षेचे मार्ग अर्थात बंद नाहीत. दहावी-बारावीस बाहेरून बसणाऱ्यांचा ‘१७ नंबरचा फॉर्म’ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष अशा पायाभूत परीक्षा घेते आणि वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीच्या पातळीस प्रवेश देते. राज्याचेही मुक्त विद्यालय मंडळ आता आहे. मुंबईच्या एका मराठी मुलीने सातवीनंतर शाळा सोडून आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळविली आणि २०१६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या विख्यात तंत्रविद्या संस्थेत प्रवेश संपादन केला, ही हकीकत त्या वेळी सर्वत्र गाजली; परंतु बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने स्वदेशातील आय.आय.टी.चे दार तिला बंद राहिले, हा त्याच हकीकतीचा दुसरा भाग पालकांनी तितक्याच लक्षपूर्वक वाचावा.

आता ज्या विषयात दुधनीचे घर खरोखर समृद्ध आहे, त्याकडे वळतो. बालकाने प्रथम कोणत्या भाषेत वाचावे, ह्या प्रश्नाचे उत्तर शिक्षणशास्त्राने बहुमताने दिलेले आहे: ज्या भाषेत ते हट्ट करते, त्या भाषेत. घरात आई-आजी कानडी बोलत असतील, तर कानडी वाचनाने आरंभ करण्यास महाराष्ट्रात राहून कोणतीही हरकत नाही. ह्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कानडी माध्यमाच्या शाळा आहेतच, आणि १९६७ साली स्थापन झालेली ‘बालभारती’ मराठीबरोबर कानडी, उर्दू, तेलुगू इत्यादी मिळून आठ भाषांत पाठ्यपुस्तके काढते, जी आज कोणासही विनामूल्य उतरवून घेता येतात. एकाच मंडळाचे तेच पुस्तक दोन भाषांत समोर ठेवून शिकविण्याची सोय पुण्यातील पालकास सुचणारही नाही. दुधनीच्या पालकास ती रोजची गरज आहे.

दोन लिप्यांचे ओझे बालकास पेलणार नाही, ही भीती मात्र मला निराधार वाटते. देवनागरी व कानडी ह्या दोन्ही लिप्या ब्राह्मीच्याच कन्या असून दोहोंची वर्णमाला कंठ्य, तालव्य, मूर्धन्य ह्याच क्रमाने चालते. ‘ळ’ दोघींत आहे, स्वरचिन्हे व्यंजनास जोडण्याची पद्धत दोघींत आहे, आणि म्हणून एका लिपीत ज्याला ‘क’ला काना दिल्याने काय होते हे उमगले, त्याला दुसरीत केवळ आकृती नवी शिकावी लागते, तत्त्व नव्हे. जेथे भेद आहेत तेथे पालकाने सावध असावे: कानडीत ऱ्हस्व व दीर्घ असे दोन ‘ए’ आणि दोन ‘ओ’ आहेत, मराठीत नाहीत, कानडीत जोडाक्षराचे दुसरे व्यंजन खाली लोंबते, देवनागरीत पहिले अर्धे होते, आणि मराठीतील ‘चहा’ व ‘चंद्र’ ह्यांतील दोन ‘च’ एकाच अक्षराने लिहिले जातात, ह्याचा उलगडा कानडीभाषक बालकास कानानेच करून द्यावा लागतो. एक लिपी हाताखाली स्थिर झाल्यावर, म्हणजे मूल त्या लिपीतले लहान गोष्टीचे पुस्तक स्वतःच्या आनंदासाठी वाचू लागल्यावर, दुसरी आरंभावी, हा क्रम मला सर्वांत हितकर वाटतो.

वाचन शिकविण्याच्या रीतीविषयीही महाराष्ट्राने मोलाचे कार्य केले आहे. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन ह्यांनी तेथील प्रगत शिक्षण संस्थेतून जी पद्धत रूढ केली, तिच्यात सबंध बाराखडी घोकून होईपर्यंत बालकास शब्दापासून दूर ठेवले जात नाही. निवडक अक्षरे व एखादे स्वरचिन्ह घेऊन त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचविले जातात. घरी हे सहज साधते. म, क, न, र, ल आणि एक काना एवढ्या भांडवलावर मामा, काका, नाक, कान, लाल, मका, काम इतके शब्द मुलाच्या ताब्यात येतात, आणि ज्या दिवशी त्याला शेतातला मका आणि पाटीवरचा मका एक आहेत असे कळते, त्या दिवशी त्याचे वाचन सुरू झाले असे खुशाल समजावे. त्याच अक्षरांत कानडीचा ‘मर’, म्हणजे झाड, दडलेला आहे, आणि दुधनीचे मूल तो आपण होऊन शोधून काढते.

संख्यांचा मामला थोडा अवघड आहे. मराठीत एकवीस, बत्तीस, त्रेसष्ट असे एकक आधी व दशक मागाहून उच्चारतात. कानडीत इप्पत्तोंदु म्हणताना वीस आधी येतात व एक मागाहून, म्हणजे जसे लिहितात तसेच बोलतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची जोडरीत दिली गेली, तेव्हा राज्यभर केवढा वाद माजला आणि गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर ह्यांनी त्या रीतीचे किती संयमाने समर्थन केले, हे वाचकांस स्मरत असेल. त्या वादात बोलणाऱ्या अनेकांच्या ध्यानी सीमेवरचे मूल आले नाही. ज्या बालकाने अंगणात कानडीत मोजणे शिकले आहे, त्याला मराठी शाळेत ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहिण्याचा मोह होणे अगदी स्वाभाविक आहे, आणि त्याला मंद ठरविणे हा अन्याय आहे. घरी शिकविणाऱ्या आईबापांनी प्रथम दशक-एककाची जाण बियांच्या दहा-दहाच्या जुड्यांनी, ज्या भाषेत ती स्पष्ट होते त्या भाषेत द्यावी, आणि मराठी संख्यानामे मागाहून, बाजारातील भावाबरोबर, गाण्याबरोबर कानावर घालावी. त्यांचा ठेवा टाकून देण्याचे काही कारण नाही.

दिवसातून किती वेळ शिकवावे, हा प्रश्न प्रत्येक नवा पालक विचारतो. शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षास २०० दिवस व ८०० तास अध्यापन सांगितले आहे, म्हणजे दिवसास सरासरी ४ तास, आणि तेही एका शिक्षकामागे ३० मुले धरून. एकट्या बालकास तितका वेळ बसविणे हा छळ होईल. पाचव्या-सहाव्या वर्षी दोन बैठकांत मिळून तासाभराचे वाचन-लेखन-गणित पुरेसे आहे, बाकीचा दिवस काम, खेळ व बोलणे ह्यांचा. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली आणि महागड्या साधनांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने आणली. त्यांच्या कार्याचे सार हेच, की साधन बालकाच्या परिसरातून यावे. दुधनीत तर आडतीवर पडलेल्या धान्याच्या राशी आहेत, वजनकाटा आहे, पायली व शेर अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि वेळापत्रकाने येणारी-जाणारी आगगाडी आहे. तुरीचे दाणे चाळून प्रत लावणे हे वर्गीकरणाचे शिक्षण आहे आणि कोणत्याही छापील साहित्यापेक्षा ते खरे आहे.

परंतु हा दिवस कोणाच्या जिवावर उभा राहतो, हे स्पष्ट बोलले पाहिजे. घरी शिकवायचे म्हणजे बहुतेक घरांत आईने शिकवायचे, असेच गृहीत धरले जाते, आणि तिच्या नोकरीचा, विश्रांतीचा व स्वतःच्या वाचनाचा हिशेब कोणी मांडीत नाही. आपल्या आजी-पणजींनी शिक्षणासाठी सोसलेले आठवून नातीच्या शिक्षणापायी सुनेचे आयुष्य पुन्हा चार भिंतींत कोंडले जात असेल, तर तो सौदा मला मान्य नाही. वडिलांनी सकाळची बैठक घ्यावी, आजोबांनी हिशेब व आजीने गाणी-गोष्टी सांभाळाव्यात, अशी वाटणी प्रथमपासून ठरली नसेल, तर हा उपक्रम आरंभूच नये. २०२० च्या मार्चपासून शाळा बंद पडल्या तेव्हा सर्वांनीच नाइलाजाने ह्याचा अनुभव घेतला आहे. ह्याच सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांना पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या कार्यासाठी त्याच वर्षी जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्या कोडने पाठ घरात येतो हे खरे, पण तो पाहताना मुलाशेजारी बसणारे माणूस यंत्र पुरवीत नाही.

उरला सोबत्यांचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सर्वांत गंभीर आहे. दुधनीच्या शाळेत लिंगायत, मराठा, मुसलमान, दलित अशा सर्व घरांतील मुले एका सतरंजीवर बसतात, एकाच पंक्तीस पोषण आहाराची खिचडी खातात, आणि हे शिक्षण कितीही विद्वान आईबापांस घरात देता येत नाही, कारण घराची वस्ती एका जातीची असते आणि येणारेजाणारे बहुधा नात्यातले. म्हणून तीन ते सहा ह्या वयात, घरी शिकवीत असतानाही, बालकास अंगणवाडीत नियमाने पाठवावे असे मी आग्रहाने म्हणतो. १९७५ पासून चाललेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील ती अंगणवाडी आहार व लसीकरणाची नोंद ठेवते, सोबती देते, आणि गृहशिक्षणास तिची काही अडचण होत नाही. शिवाय ज्या घरात वाचनाची सायंकाळ भरते, तेथे शेजारची ऊसतोडीस जाणाऱ्या किंवा मजुरी करणाऱ्या घरातील दोन मुलेही बसावीत. त्यांना त्याचा लाभ आहेच, पण आपल्या मुलाला गोष्ट ऐकताना हसणारा दुसरा मिळतो, आणि तोच लाभ मोठा आहे.

हे सर्व किती काळ चालवावे? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ हा पायाभूत टप्पा मानला आहे, आणि तीच मर्यादा मला गृहशिक्षणाच्या पहिल्या करारास योग्य वाटते. अधिनियमाच्या कलम ४ नुसार सहा वर्षांवरील जे बालक शाळेत दाखल झालेले नाही, त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा व इतरांच्या बरोबरीस येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे आठव्या वर्षी तिसरीत बसण्यास त्याला कोणी अडवू शकत नाही. पण हक्क सांगत जाण्यापेक्षा सहावे वर्ष लागताच नजीकच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून आपला विचार मोकळेपणाने सांगावा, मुलास शाळेच्या स्नेहसंमेलनास, मैदानावर व वाचनालयात येऊ देण्याची विनंती करावी, आणि घरी एक वही ठेवावी. तीत महिन्यातून एकदा मुलाने स्वतः लिहिलेले दोन ओळींचे पान, त्याने वाचलेल्या पुस्तकांची नावे, त्याने सोडविलेला एखादा हिशेब आणि त्याने विचारलेला एखादा प्रश्न तारखेसह नोंदवावा, मराठीत किंवा कानडीत, जसे त्याला सुचेल तसे. आठव्या वर्षी ती वही मुख्याध्यापकांच्या पुढे ठेवावी, बालकासही जवळ बसवून त्याला काय हवे ते विचारावे, आणि शाळेत जाण्याची इच्छा त्याने दर्शविली, तर त्याच आठवड्यात त्याचे नाव पटावर चढवावे.